‘तोतरी’ म्हणण्याआधी

दिवसभराची कामं उरकून कुणी चुलीपुढे, कुणी ओट्यावर, कुणी गोठ्याच्या दारात रेडिओ लावून बसल्या असाल. आज आम्ही तुमच्याशी एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द छोटा आहे आणि तुमच्या-आमच्या गावात रोज कानावर पडतो. ‘तोतरा’. बाई असली तर ‘तोतरी’.

हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. त्यात आमचीच चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खरं वाटणार नाही.

आमच्या बचत गटात एक मैत्रीण आहे. तिनेच सांगितलं, की गोष्ट सांगा, नाव सांगू नका. ती अडखळत बोलते, अगदी लहानपणापासून. गावात तिचं नाव घेताना लोक पुढे ‘तोतरी’ जोडतात. त्या नावाची गावात आणखी एक बाई आहे, म्हणून ओळख पटायला असं म्हणतो, असं आम्हीही म्हणायचो. त्यात वाईट हेतू नव्हता. पण मैत्रिणींनो, हेतू नसला तरी काटा रुततोच.

तिने गटाकडून शेळीसाठी कर्ज घेतलं होतं. राखी पौर्णिमेच्या गडबडीत ती बैठकीला येऊ शकली नाही. तिने हप्त्याचे सहाशे रुपये पिठाच्या गिरणीवर आमच्या सचिवताईंच्या हातात दिले. पुढच्या बैठकीत वही उघडली, तर त्या महिन्याची जागा कोरी. अध्यक्षताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “मागचा हप्ता का नाही भरला?” ती उभी राहिली. “दिले” एवढंच तिला सांगायचं होतं. पण शब्द पहिल्याच अक्षरावर अडला. ती कशी अडखळली ते आम्ही इथे करून दाखवणार नाही, त्याचं कारण पुढे येईलच. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले. आणि आमच्यातलीच एक जण म्हणाली, “बघा, कशी त-त-प-प करतेय. दिले असते तर सरळ बोलली नसती का?”

ती खाली बसली. तिने सहाशे रुपये पुन्हा भरले. पुढचे सात महिने ती बैठकीत एक शब्दही बोलली नाही. मार्चमध्ये हिशेब तपासायला बसलो, तेव्हा सचिवताईंच्या वहीच्या अगदी शेवटच्या पानावर घाईत लिहिलेली नोंद सापडली. तिचं नाव, सहाशे रुपये, गिरणीवर मिळाले. पैसे परत केले, माफी मागितली. ती काय म्हणाली, ते शेवटी सांगतो.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. अडखळणं म्हणजे खोटं बोलणं, हे आम्हाला कुणी शिकवलं? विचार केल्यावर उमगलं की आपल्या बोलण्यातल्या शब्दांनीच शिकवलं. म्हणून आम्ही शब्दांच्या मागे लागलो. कोशात पाहिलं, जाणत्या शिक्षकांना विचारलं, आणि जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी एक गंमत बघा. हे शब्द जरा सावकाश उच्चारा. तो-त-रा. बो-ब-डा. चा-च-र-णं. काय दिसलं? प्रत्येक शब्दात एकच अक्षर दोनदा येतं. तो आणि त. बो आणि ब. चा आणि च. म्हणजे शब्द स्वतःच अडखळतो. हे शब्द अर्थावरून घडलेले नाहीत, आवाजावरून घडले आहेत. धबधबा म्हटलं की पाणी पडताना ऐकू येतं, तसेच हे. कधीकाळी कुणीतरी कुणाचं तरी बोलणं ऐकलं, त्याची नक्कल केली, आणि ती नक्कलच त्या माणसाचं नाव होऊन बसली.

हे फक्त मराठीत झालेलं नाही. हिंदीत तोतला, गुजरातीत तोतडो, बंगालीतही तोतला. शेजारच्या कानडीचं कूळ वेगळं, तरी तिथेही तोदलु. जुन्या संस्कृतात ‘गद्गद’ हा शब्द आहे, तोही जोडाक्षरी नक्कलच. सुश्रुतसंहिता या आपल्या जुन्या वैद्यकग्रंथात तीन प्रकारची माणसं एकत्र सांगितली आहेत. मूक म्हणजे न बोलणारा, मिन्मिण म्हणजे नाकातून बोलणारा, आणि गद्गद म्हणजे तुटक बोलणारा. आज आपण लेकीला सासरी धाडताना आई गद्गदली असं म्हणतो, तो हाच शब्द. मन भरून आलं की कुणाचंही बोलणं तुटतं, हे त्या शब्दाने जपून ठेवलं आहे. पण तेच बोलणं रोज तुटणारं असलं की आपला सूर बदलतो.

आता ‘बोबडा’ घ्या. लहान लेकराच्या तोंडी हा शब्द किती गोड लागतो! ‘बोबडे बोल’ म्हटलं की आपल्या चेहऱ्यावर हसू येतं. ज्ञानेश्वर माउलींनी इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या पहिल्याच अध्यायात, गीतेसारख्या ग्रंथावर मराठीत बोलायला निघालेले ज्ञानोबा श्रोत्यांना सांगतात, की लेकरू बोबडं बोललं तरी आईबापांना त्याचा आनंदच अधिक होतो. तसं मला सांभाळून घ्या. म्हणजे आपल्या भाषेतल्या एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच बोबड्या वाचेला मायेची जागा मिळाली आहे.

पण तेच लेकरू मोठं झालं, शाळेत गेलं आणि तरीही ‘र’ला ‘ल’ म्हणत राहिलं, तर? मग तो ‘बोबडकांदा’ होतो. आणि घाबरलेल्या माणसाची ‘बोबडी वळते’. शब्द एकच, पण घरात माया आणि चावडीवर भीती.

‘त-त-प-प’ तर याहून पुढचा. चोरी पकडली गेली, जाब विचारला, म्हणजे माणूस त-त-प-प करतो. गोष्टीत, नाटकात, सिनेमात, सगळीकडे हेच. खोटारड्याला अडखळताना दाखवतात, आणि अडखळणाऱ्यावर लोकांना हसवतात. आमच्या मैत्रिणीवर त्या दिवशी आळ आला, तो सहाशे रुपयांमुळे कमी आणि या शब्दामुळे जास्त. जन्मभर ऐकलेल्या बोलीने आमचा निकाल आधीच लावून ठेवला होता.

शब्दाची ही वाट किती दूर जाऊ शकते, त्याचं एक मोठं उदाहरण सांगतो. ‘बर्बर’ हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. बर्बर अत्याचार, म्हणजे रानटी, क्रूर. संस्कृतातल्या या शब्दाचा एक अर्थ होता अडखळत बोलणारा, आणि आपल्याला न कळणारी भाषा बोलणारा परका. प्राचीन ग्रीसमधले लोकही परक्यांना असंच म्हणत. त्यांची बोली यांच्या कानाला नुसतं ‘बर-बर’ असं ऐकू यायची, म्हणून ते ‘बार्बारोस’. पुढे त्याचाच अर्थ झाला असंस्कृत, आणि मग क्रूर. आपल्याकडचा ‘म्लेच्छ’ हा शब्दसुद्धा मुळात अस्पष्ट बोलण्यावरून आलेला आहे. बघा पायऱ्या. आधी ‘तुझं बोलणं मला कळत नाही’. मग ‘तुला बोलताच येत नाही’. मग ‘तू कमी आहेस’. आणि शेवटी ‘तू वाईट आहेस’. ऐकणाऱ्याच्या कानाची उणीव बोलणाऱ्याच्या माथी मारली. आमच्या बैठकीत या सगळ्या पायऱ्या पाच मिनिटांत चढून झाल्या होत्या.

आता कुणी म्हणेल, शब्दाने एवढं काय होतं? त्याचंही उत्तर आहे, आणि ते ऐकून आम्हाला झोप आली नव्हती. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावच्या एका अनाथाश्रमात एक प्रयोग झाला. वेंडेल जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. ते स्वतः अडखळत बोलायचे. मुलाला ‘तू तोतरा’ म्हटल्यानेच तोतरेपणा वाढतो, असं त्यांना वाटे. त्यांच्या विद्यार्थिनीने बावीस मुलांवर हा प्रयोग केला. त्यातल्या सहा मुलांचं बोलणं अगदी नीट होतं. त्यांना मुद्दाम सांगितलं, की तुम्ही अडखळता, सांभाळून बोला, नीट येत नसेल तर बोलूच नका. काय झालं? ती मुलं काही महिन्यांत मिटून गेली. बोलायला घाबरू लागली, एकेका शब्दात उत्तर देऊ लागली, कुणाची अभ्यासात घसरण झाली. आईबाप नसलेली ती मुलं, तक्रार कुणाकडे करणार? पुढे अनेक वर्षांनी ही गोष्ट उजेडात आली. २००१ साली त्या विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ साली राज्य सरकारने भरपाई दिली.

यातून एक नीट समजून घ्या. अडखळणं शब्दातून जन्माला येत नाही. पण गप्प बसणं मात्र शब्दातून जन्माला येतं. आमच्या मैत्रिणीचे सात महिने आठवा.

मग अडखळणं येतं कुठून? मेंदूत बोलण्याची जी यंत्रणा असते, तिच्या वेळेच्या ताळमेळातला हा फरक आहे. बऱ्याचदा तो घराण्यातून येतो. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. शंभर मुलांत पाचेक मुलं कधी ना कधी अशी अडखळतात. त्यांतल्या चारातली तीन आपोआप सावरतात. मोठ्या माणसांत शंभरात एक जण अडखळत बोलतो. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात अशी पंधरा-वीस माणसं असतात. त्यांत पुरुष जास्त, बायका कमी. म्हणून अडखळणारी बाई आणखीच एकटी पडते.

हे घाबरटपणाचं लक्षण नाही. अक्कल कमी असल्याचं नाही. गरोदरपणात आईने काही खाल्लं, ग्रहण पाहिलं, कुणाची नजर लागली, यातलं काहीही कारण नाही. दुसऱ्याची नक्कल केल्यानेही हे लागत नाही. जीभ जड असते म्हणावं, तर हीच माणसं गाताना सहसा अडखळत नाहीत. आमची मैत्रीण भजनात खड्या आवाजात म्हणते. सगळ्यांबरोबर आरती म्हणताना तिचा एक शब्द अडत नाही. हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो, पण त्याचा अर्थ कधी लावला नाही.

वेखंड उगाळून जिभेला लावणं, पोपटाने टोचलेलं फळ खायला देणं, तोंडात खडे धरून बोलायला लावणं, जिभेखालची शीर कापून घेणं, अचानक थोबाडीत मारणं, असे उपाय गावोगाव चालतात. याने अडखळणं जात नाही. उलट लेकराला वाटतं, आपल्यात काहीतरी वाईट आहे आणि ते बाहेर काढायचं चाललंय.

आपण सगळ्यांना एकाच ‘तोतरा’ शब्दात बसवतो, तेही थांबवायला हवं. कारण प्रत्येकाचं दुखणं निराळं आणि उपायही निराळा. म्हणून हे लक्षात ठेवा.

जो शब्दावर अडतो, अक्षर पुन्हा पुन्हा म्हणतो, ते अडखळणं. तीन-चार वर्षांचं मूल कधीमधी असं करत असेल तर घाबरू नका. पण सहा महिन्यांहून जास्त चाललं, बोलताना डोळे मिटणं, जबडा ताणणं, बोलायचं टाळणं दिसलं, किंवा घरात आणखी कुणी अडखळत असेल, तर वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला, ज्याला स्पीच थेरपिस्ट म्हणतात, दाखवा.

जो ‘क’ला ‘त’ किंवा ‘र’ला ‘ल’ म्हणतो, तो बोबडा. लहानपणी हे सगळ्यांचंच होतं. शाळेत जाऊ लागल्यावरही राहिलं तर सरावाने बरंच सुधारतं.

जो नाकातून बोलतो, ज्याला आपण गेंगाणा म्हणतो, त्याची टाळू बघून घ्या. टाळू दुभंगलेली असेल तर शस्त्रक्रिया होते.

जे मूल बोलतच नाही, त्याला मुकं म्हणण्याआधी त्याचे कान तपासा. ऐकूच आलं नाही तर लेकरू बोलणार कुठून? जितक्या लवकर तपासाल, तितकं बरं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. नीट बोलणाऱ्या मोठ्या माणसाची जीभ अचानक जड झाली, बोलणं अस्पष्ट झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, तर ते तोतरेपण नव्हे. तो पक्षाघात, म्हणजे लकवा. तेव्हा अंगारा नको, झाडपाला नको. लगेच १०८ नंबर फिरवा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. पहिले तीन-चार तास मोलाचे असतात.

दाखवायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यातलं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि “याचं बोलणं तपासा” असं स्वतःहून सांगा. अंगणवाडी ताईंना, आशाताईंना आधी सांगून ठेवा. पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिचं कामच वाचा आणि श्रवण यांचं आहे. मोठ्या वयातही उपचाराचा उपयोग होतो. अडखळणं पूर्ण जाईलच असं नाही, पण त्याची भीती जाते आणि बोलणं सोपं होतं. हृतिक रोशन या नटाने आपण लहानपणी खूप अडखळायचो, त्यासाठी अजून सराव करतो, हे जाहीरपणे सांगितलं आहे. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांना तर याच रेडिओवरून सगळ्या देशाशी बोलावं लागायचं. ते ऑस्ट्रेलियाच्या लायनेल लोग यांच्याकडे बोलण्याचा सराव करत.

घरात आणि गटात आपण काय करायचं? फार काही नाही. समोरचा अडला की थांबायचं. त्याच्याकडे नेहमीसारखं बघायचं, मान फिरवायची नाही. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. “हळू बोल, श्वास घे, घाबरू नको” हेही म्हणायचं नाही. ते त्याने हजार वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा आपणच जरा सावकाश बोलायचं. घरातल्या लेकराला रोज पाच-दहा मिनिटं अशी द्यायची की कुणी मध्ये बोलणार नाही. काय सांगतोय ते ऐकायचं, कसं सांगतोय ते नाही. आणि त्याची नक्कल करायची नाही, प्रेमानेसुद्धा नाही. म्हणूनच आम्ही सुरुवातीला ती करून दाखवली नाही. हे शब्द नकलेतून आले, आता निदान नक्कल तरी थांबवू या.

मग ‘तोतरी’ऐवजी म्हणायचं काय? आम्ही हे तिलाच विचारलं. ती म्हणाली, नावाने हाक मारा. त्या नावाची दुसरी बाई आहे तर आडनाव लावा. बोलण्याबद्दलच सांगायची वेळ आली, तर ‘ती अडखळत बोलते’ म्हणा. बघा, ‘तोतरी’ म्हटलं की अख्खी बाई त्यात संपली. ‘अडखळत बोलते’ म्हटलं की निदान ती बोलते, एवढं तरी त्यात राहिलं.

आणि पैसे परत केले तेव्हाचं तिचं बोलणं. वेळ लागला, पण त्या दिवशी आम्ही थांबलो. ती म्हणाली, “पैशाचं काही नाही. गेले असते तरी चाललं असतं. तुम्ही माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.”

तेव्हापासून आमच्या गटात हजेरी वेगळ्या तऱ्हेने होते. आधी सचिवताई नावं वाचायच्या आणि ती नुसता हात वर करायची. अडखळणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव सांगणं बऱ्याचदा सगळ्यांत अवघड जातं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आता ज्या बाईला वाटेल ती स्वतःचं नाव सांगते, जिला नको वाटेल ती हात वर करते, आणि कुणी कुणाची घाई करत नाही. पहिले दोन महिने तिने हात वर केला. तिसऱ्या महिन्यात ती नाव सांगायला उभी राहिली. आम्ही अठरा जणी होतो. बाहेर ट्रॅक्टर गेला, कुणाचं तरी लेकरू रडलं. आम्ही थांबलो. तिने नाव सांगितलं, आडनावासकट, आणि सचिवताईंनी ते वहीत लिहिलं.

तुमच्या गटातही हात वर करणारी एखादी असेल. पुढच्या बैठकीत तिच्यासाठी थोडं थांबून बघा.